रिबिट : एका विजारीच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार. फ्रीमाँट

नातीच्या मराठी शाळेने मराठी भाषा दिनासाठी प्रकल्प दिलाय : 'आमच्या गावातला माणूस'. गाव म्हणजे इकडचं, सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासचं. एक तक्ता, पाच मिनिटं मराठीत बोलायचं आणि हाताने केलेली एक वस्तू. कार्यक्रम २ मार्चला.

नातीने लेवी स्ट्रॉस निवडला, जीन्सच्या कंपनीवाला. कारण विचारलं तर स्वतःच्या विजारीकडे बोट दाखवलं. दहाव्या वर्षी एवढं कारण पुरतं.

वस्तू मी करायची असं न विचारताच ठरलं. एकतीस वर्षं शिवणक्लास चालवला, आता सहा महिने लेकीकडे नुसती बसून आहे, तेव्हा बरंच झालं. क्लासात मुलींना मापवही ठेवायला लावायचे, म्हणून ही वही.

नातीचा पहिला मसुदा तीन वाक्यांचा : "लेवी स्ट्रॉस हे थोर उद्योजक आणि संशोधक होते. त्यांनी सोन्याच्या खाणीतल्या मजुरांसाठी तंबूच्या कापडाच्या पँट बनवल्या. ते ज्यू समाजाचा आधार होते."

पहिल्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. शिवता येत होतं का त्याला? जावई म्हणतात, कापडाचा घाऊक व्यापारी होता. मग शंकाच आहे. खिसा कुठे फाटतो ते कापडवाल्याला कळत नाही, त्याच्याकडून ठाण नवंकोरं जातं. फाटलेलं परत येतं ते शिंप्याकडे.

१५ जानेवारी, बुधवार

लायब्ररीत दोन दुपारी गेल्या. नात इंग्रजी वाचून सांगते, मी लिहून घेते.

जन्म २६ फेब्रुवारी १८२९, जर्मनीत बव्हेरियातलं बुटनहाइम. मूळ नाव लोब. वडील फेरीवाले, १८४६ मध्ये क्षयाने गेले. त्या वेळी बव्हेरियात ज्यू कुटुंबांची गावोगाव ठरावीक संख्या असायची. नोंदवहीत जागा असेल तरच मुलाने लग्न करायचं, घर मांडायचं. विधवा आईने दोन मुली आणि लेवीला घेऊन १८४७ मध्ये न्यूयॉर्क गाठलं. सावत्र भावांचं तिथे कापडचोपडाचं दुकान होतं. १८५३ मध्ये हा पनामाच्या वाटेने सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि भावांचा माल इकडे विकू लागला : चादरी, रुमाल, आतले कपडे, ठाणं. सोनं शोधायला आलेल्यांना माल विकणाऱ्या दुकानदारांना हा माल विकायचा. खाणीत उतरलेला माणूस नव्हेच.

तंबूच्या कापडाची गोष्ट मग कुठून आली? १९०६ चा भूकंप आणि त्यामागून लागलेली आग यात कंपनीची इमारत गेली, जुने कागद जळाले. कागद नसले की गोष्टी उगवतात. नातीला म्हटलं, दुसरं वाक्य खोड. तिने खोडलं, पण तोंड वाकडं करून. वर्गात सगळ्यांना तीच गोष्ट माहीत आहे म्हणे.

१८ जानेवारी, शनिवार

सापडला शिंपी!

नाव जेकब डेव्हिस. जन्म १८३१, आजच्या लॅटव्हियातल्या रिगाचा, मूळ आडनाव यूफेस. हाही ज्यू. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, कॅनडा असं पोट हातावर घेऊन हिंडत शेवटी नेव्हाडातल्या रीनो गावी बसला. नवीन रेल्वेचं गाव. तिथे तो तंबू शिवायचा, गाड्यांवरची आच्छादनं शिवायचा, घोड्यांच्या झुली शिवायचा. कापड कुणाकडून? लेवी स्ट्रॉस कंपनीकडून. म्हणजे नातीचं खोडलेलं वाक्य अगदीच हवेतलं नव्हतं. तंबू होते, पण ते डेव्हिसच्या दुकानात.

१८७१ च्या सुमाराला हिवाळ्यात एक बाई आली. नवरा मजूर, अंगाने दांडगा, कुठलीही विजार त्याला टिकत नाही. मजबूत करून दे म्हणाली आणि ३ डॉलर आगाऊ ठेवले. याने पांढरं डक, म्हणजे घट्ट विणीचं जाड सुती कापड, घेतलं. शिवून झालं तेव्हा झुलींचे पट्टे जोडायला आणलेले तांब्याचे रिबिट, म्हणजे टोक ठोकून बसवायचे छोटे खिळे, टेबलावर पडले होते. त्यातले उचलून त्याने खिशांच्या कोपऱ्यांना ठोकले. बस. शोध एवढाच.

हे ऐकलं आणि वडील आठवले. परळला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. निळी डांगरी घालून जायचे, खिशात पाना. खिसा नेहमी एकाच जागी फाटायचा, तोंडाच्या कोपऱ्याला. कारण साधं आहे. हात घालताना, पाना खेचताना सगळा ताण खिशाच्या तोंडाच्या टोकाशी येऊन थांबतो, आणि तिथे कापड कितीही जाड असो, भार पेलायला असतात फक्त शेवटचे दोन-तीन टाके. एक सुटला की टीप पळत जाते. आई दर रविवारी तिथे चौकोनी ठिगळ लावायची आणि पुढच्या महिन्यात ठिगळाच्या कडेला फाटायचं. तांब्याचा खिळा ठोकावा हे आईला सुचलं नाही, मलाही एकतीस वर्षांत सुचलं नाही. आम्हाला धागाच दिसतो.

१९ जानेवारी, रविवार

आज डेव्हिसचं पत्र वाचलं. जुलै १८७२ मध्ये लेवी स्ट्रॉस कंपनीला लिहिलेलं. सोबत दोन नमुने पाठवले होते, एक निळ्या कापडाचा आणि एक १० औंसी डकचा. दीड वर्षात दोनेकशे विजारी विकल्या होत्या, पेटंट घ्यायला मात्र गाठीला पैसे नाहीत.

पत्रातलं इंग्रजी चुकांनी भरलेलं आहे. 'पँट्स'चं 'पेंट्स', 'सीक्रेट'ला दोन 'टी'. नातीला हसू आवरेना. मी तिला मराठीत करून दिलं आणि चुका तशाच ठेवल्या :

"या प्यांटीन्च गुपीत म्हनजे मी खिश्यांना मारलेले रीबीट. मागनी इतकी आहे की माज्याने पुरवठा होत नाही. शेजार्यांना माज्या यशाचा हेवा वाटू लागला आहे."

पुढे तो म्हणतो, पेटंटला सुमारे ६८ डॉलर लागतील, ते तुम्ही भरा, बदल्यात निम्मे हक्क तुम्हाला. आणि मग हे वाक्य : "पेटन्ट माज्या नावावर घ्यावे, कारन शोध माजा आहे."

शाळेच्या ताईंना हे तक्त्यावर नको आहे. मराठी भाषा दिनाला अशुद्धलेखन कसं लावायचं, असा त्यांचा निरोप. बरोबर आहे त्यांचंही. पण शुद्ध केलं की तो माणूस वकील वाटतो. मी अजून अडून आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

कापड आणलं. १० औंसी डक, तीन वार, कोरं, खळ असलेलं. रात्रभर बादलीत भिजवलं, पाणी पिठुळ झालं. आटणार हे नक्की, म्हणून आधी आटवून घेतलेलं बरं.

२५ जानेवारी, शनिवार

लेकीचं मशीन म्हणजे प्लॅस्टिकचं खेळणं. दोन पदर चालले, कमरपट्टीच्या चार पदरांवर सुई तुटली. १८ नंबरची सुई घातली तर मोटर कण्हायला लागली. शेवटी लेकीची एक मैत्रीण काळं लोखंडी मशीन देऊन गेली, तिच्या सासूबाईंचं, अडगळीत पडलेलं. तेलपाणी केलं, बॉबिनखाली वीस वर्षांची लोकर निघाली. पहिली टीप मारली आणि बरं वाटलं. तो आवाज ओळखीचा आहे.

बेत १८७३ च्या पद्धतीचा : पुढे दोन खिसे, उजव्या खिशात घड्याळाचा छोटा खिसा, मागे एकच खिसा (दुसरा १९०१ मध्ये आला). पट्ट्याला लूप नाहीत, ते १९२२ चे. कमरेला गॅलससाठी (खांद्यावरून घ्यायच्या पट्ट्यांसाठी) बटणं आणि मागे आवळायचा बंद. जीन्स हा शब्दही तेव्हा या कपड्याला नव्हता, ओव्हरऑल म्हणायचे.

माप जावईबापूंचं घेतलं. उभं राहायला सांगितलं तर पोट आत घेतात. शिंप्यासमोर सगळे पुरुष हेच करतात.

१ फेब्रुवारी, शनिवार

रिबिटचा दिवस.

हार्डवेअरच्या दुकानातून तांब्याचे रिबिट आणि त्याच्या चकत्या आणल्या. यांत्रिक हत्यार नको म्हटलं, डेव्हिसने हातोडीनेच ठोकले असणार. ऐरण म्हणून लेकीचा लोखंडी खल उपडा घातला.

पहिला रिबिट वाकला. भोक मी कात्रीच्या टोकाने पाडलं होतं, ते मोठं झालं आणि रिबिटची मान आत डुगडुगायला लागली. दुसऱ्याला आरी वापरली. धागे कापायचे नाहीत, नुसते बाजूला सारायचे, मग ते मानेभोवती आवळून बसतात. हे ध्यानात यायला दोन रिबिट आणि एक नख गेलं. चकती सरकवायची, वर आलेलं टोक नखभर ठेवून छाटायचं, आणि मग ठाण् ठाण् न करता हलक्या हाताने कडेकडेने ठोकत टोकाची टोपी करायची. जोरात मारलं तर तांबं फाकतं. पाचवा रिबिट असा बसला की नात म्हणाली, "आजी, दुकानातल्यासारखा!" तिला मोठं कौतुक करायचं होतं, म्हणून काही बोलले नाही.

तक्त्यासाठी पेटंटचं कलमही आज नीट लावलं. क्रमांक १३९,१२१, तारीख २० मे १८७३. विषय : खिशांची तोंडं पक्की करण्यातली सुधारणा. अर्जाला दहाएक महिने लागले. वर नाव आहे जेकब डब्ल्यू. डेव्हिस, रीनो. हक्क : स्वतः डेव्हिस आणि लेवी स्ट्रॉस आणि कंपनी.

शोध कुणाचा ते सरकारी कागदावरच छापलेलं आहे. नातीच्या पहिल्या वाक्यातला 'संशोधक' आज रीतसर उसवला. उद्योजक लेवी, संशोधक जेकब. माणसं दोन.

२ फेब्रुवारी, रविवार

नातीला शब्दकोशात काय सापडावं! इंग्रजीतलं 'डंगरी' हे जाड्याभरड्या कापडाचं नाव मुंबईच्या डोंगरीवरून गेलं. वडिलांची डांगरी म्हणजे डोंगरीच की. शब्द साहेबाकडे जाऊन, इंग्रजी वळण घेऊन परळच्या वर्कशॉपात परत आला होता आणि आम्ही त्याला इंग्रजी समजत होतो.

आणि माझं लहानपण गेलं ते तिथून हाकेच्या अंतरावर, उमरखाडीत. चाळीत आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब होतं. त्यांची मुलगी माझी बालमैत्रीण, आता इस्राएलला अश्दोदला असते. तिला फोन लावला. इकडे सकाळ, तिकडे रात्र.

कोकणातले तेलाचे घाणे चालवणारे तिचे पूर्वज. शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. तिची आजी नऊवारी नेसायची, सिनॅगॉगला, ज्यूंच्या प्रार्थनाघराला, मशीद म्हणायची आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायची. पोहे, ओलं खोबरं, साखर. आम्हा पोरांना वाटी मिळायची. त्यांची ती मशीद १७९६ ची, समाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेली. मुंबईतली पहिली. दिवेकर कंपनी सरकारच्या पलटणीतले अधिकारी. सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यांचंच. मशीद बंदरही याच मशिदीवरून, असं मैत्रीण ठासून सांगते.

मी म्हटलं, येत्या शनिवारी लेवी स्ट्रॉसच्या कबरीवर जाणार आहोत. ती फोनवर एवढ्याने हसली. "अगं, इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलीस आणि शनिवारी ज्यू कबरस्तानात निघालीस?" खरंच की. रविवार ठरवला. फुलं नेऊ नको, खडा ने, हेही तिनेच सांगितलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लेवीबद्दल माझं मत जरा बदलतंय, म्हणून लिहून ठेवते.

पहिल्या दिवसापासून मी शिंप्याच्या बाजूने. कापडवाल्यांनी आयुष्यभर उधारीवरून छळलंय मला, त्याचाही भाग असेल. पण हे बघावं : जुलै १८७२ मध्ये दूरच्या गावातल्या एका कर्जबाजारी गिऱ्हाइकाचं पत्र येतं, आत दोन नमुने, गुपित सगळं उघडं. पेटंट झालेलं नाही. गप्प बसून स्वतःच रिबिट मारले असते तर कोण विचारणार होतं? लेवीने तसं केलं नाही. पैसे भरले, नाव डेव्हिसचं ठेवलं, निम्मे हक्क त्याचे ठेवले, त्याला बायकामुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला बोलावलं आणि कारखान्याच्या कामावर देखरेखीला नेमलं. डेव्हिस १९०८ मध्ये वारला, तोवर याच शहरात होता.

आणि देणं. इथे येऊन एक वर्ष होतं ना होतं तोच, १८५४ मध्ये, एका अनाथालयाला ५ डॉलर. रक्कम मुद्दाम लिहिते, कारण पुढे मोठ्या रकमा आल्या तरी सवय ही इथून लागलेली दिसते. इमानु-एल या सिनॅगॉगच्या मंडळीचा सभासद. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ज्यूंनी १८४९ मध्ये पहिल्यांदा एकत्र प्रार्थना केली. दोनच वर्षांत प्रार्थनेच्या रीतीवरून फूट : जर्मनीकडचे इमानु-एल, पोलंडकडचे शेरिथ इस्राएल. (दोन देवळांशिवाय गाव कुठलं!) इमानु-एलच्या सब्बाथ शाळेत हुशार मुलाला सोन्याचं पदक द्यायचं ते स्ट्रॉस घराण्याकडून. १८९७ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात २८ शिष्यवृत्त्या. २६ सप्टेंबर १९०२ ला गेला तेव्हा मृत्युपत्रात ज्यू अनाथाश्रम, ज्यू वृद्धांचं घर, नव्याने आलेल्या ज्यूंना हात देणारी युरेका मदत संस्था, इमानु-एलच्या भगिनी मंडळाची नावं. त्यांच्या जोडीला कॅथलिक अनाथाश्रम आणि प्रॉटेस्टंट अनाथाश्रमही. बाकी धंदा बहिणीच्या चार मुलांना. स्वतः लग्न केलंच नाही, बहिणीच्याच घरी राहिला.

अनाथालयं यादीत पुन्हा पुन्हा येतात. सतराव्या वर्षी बाप गेलेला मुलगा. मी जोडते आहे, त्याने कुठे तसं लिहून ठेवलेलं मी वाचलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. कोल्मा

कोल्मा हे गावच कबरस्तानांचं. जिवंत माणसं दीड हजाराच्या आसपास, पुरलेली पंधरा लाखांच्या घरात. सॅन फ्रान्सिस्कोने जागेच्या हव्यासापायी शहरात पुरणं बंद केलं आणि नंतर जुन्या कबरीही हलवायला लावल्या. ज्यू लोक त्याआधीच इकडे आले होते. डोलोरेस पार्क, जिथे नात आइस्क्रीम खाते, ते १८९४ पर्यंत ज्यू कबरस्तान होतं. हे तिला गाडीत सांगितलं तर तिने जरा वेळ विचार केला आणि म्हणाली, मग ते लोक पण सूर्य बघत होते. तिथली उतरण उन्हाची आहे, हे खरं.

लेवीचं समाधिघर 'होम ऑफ पीस'मध्ये, दगडी, भारदस्त. दारात कोणी कोणी ठेवलेले खडे होते. नातीने आपला ठेवला.

डेव्हिस शेजारच्या 'हिल्स ऑफ इटर्निटी'त. होम ऑफ पीस इमानु-एलचं, हे शेरिथ इस्राएलचं. जिवंतपणीची वाटणी इथेही कायम. आत शिरल्यावर बहुतेक लोक एकाच कबरीकडे जातात : वायट अर्प, पिस्तूलबाज, त्याची बायको ज्यू होती म्हणून तो इथे. त्याच्यापुढे खड्यांबरोबर नाणी, पत्ते, काय काय. आम्ही रांगा मोजत हिंडलो. वारा असा की पदर सावरू की कागद. पाऊण तास झाला. डेव्हिस नावाचे दगड मिळाले, पण आमचा जेकब नाही. विचारायला कोणी नव्हतं, जावयांना चारला कुठेतरी पोचायचं होतं.

शिंप्याचा खडा तसाच परत आला. नातीने तो तयार होत आलेल्या विजारीच्या घड्याळाच्या खिशात टाकून ठेवलाय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज नको ते वाचलं आणि बरं झालं वाचलं.

१८८० च्या दशकातली एक जुनी विजार सापडली होती, पडीक खाणीतून वर आलेली, २०२२ मध्ये लिलावात विकली गेली. तिच्या खिशाच्या अस्तरावर कंपनीच्या नावाबरोबर छापलंय : ही एकमेव अशी, जी गोऱ्या मजुरांनी बनवलेली आहे. म्हणजे चिनी कामगार ठेवत नाही, ही जाहिरात. १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी करणारा कायदा झाला होता, शहरात चिन्यांविरुद्ध हवा होती आणि कंपनीने त्या हवेत आपला माल खपवला. बव्हेरियाच्या नोंदवहीत जागा नाही म्हणून देश सोडून आलेल्या माणसाची कंपनी.

नातीच्या वर्गात तिची जिवलग मैत्रीण आहे, बाप मराठी, आई चिनी. नातीने विचारलं, हे लिहायचं का? ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, लहान मुलांचा कार्यक्रम आहे, चांगलं तेवढं घ्यावं. लेकही तेच म्हणाली. मी दिवसभर काही बोलले नाही, कपडा उसवून पुन्हा शिवत बसले. मागचा बंद तिरका आला होता.

संध्याकाळी नातीनेच निकाल दिला. अस्तरावर लिहिलं होतं ना, मग आपणही अस्तरावर लिहू. आमच्या विजारीच्या पुढच्या खिशाच्या आत, अस्तरावर, तिने मराठीत पेनाने चार ओळी लिहिल्या. ज्याला खिसा उलटा करून बघायचा त्याने बघावा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

चाचणी. उरलेल्या डकचे दोन खिसे शिवले, एक नुसता दुहेरी टिपेचा, एक रिबिट मारलेला. दोन्ही गराजमधल्या दांडीला अडकवले आणि खिशाच्या तोंडाला आकडा घालून तांदळाची पिशवी टांगली, ९ किलो. दोन्ही खिसे टिकले. मग जावयांनी पिशवीला झोके द्यायला सुरुवात केली. पाना खेचल्यासारखे झटके. नुसत्या टिपेचा कोपरा बाराव्या झोक्याला उसवला आणि तेराव्याला चार बोटं फाटत गेला. रिबिटवाला पन्नासपर्यंत गेला. त्यानंतर पिशवी फाटली. तांदूळ वेचायला तासभर.

दुसरी चाचणी अनवधानाने झाली. जावई विजार घालून सोफ्यावर बसले, मागच्या खिशाच्या रिबिटने चामड्यावर ओरखडा. लेक भडकली. तिला सांगितलं, रागावू नकोस, लोकांच्या खोगिरांची आणि खुर्च्यांची हीच तक्रार होती, म्हणून १९३७ मध्ये कंपनीने मागचे रिबिट कापडाखाली झाकले. तिला इतिहासात रस नव्हता.

२६ फेब्रुवारी, बुधवार

लेवीचा वाढदिवस आज, मराठी भाषा दिन उद्या. तक्ता पक्का केला. मथळ्यावरून दोन संध्याकाळी वाद. माझा मथळा : 'शिंपी आणि कापडवाला'. नातीचा : 'दोघांची पँट'. तिचाच लावला, मुकाट्याने.

पहिलं वाक्य आता असं : "जेकब डेव्हिस यांनी रिबिट मारले. लेवी स्ट्रॉस यांनी ६८ डॉलर भरले, आणि पुढे पुष्कळ लोकांसाठी भरत राहिले."

पत्रातलं "शोध माजा आहे" चुकीसकट लावलं, खाली ओळ : 'मूळ इंग्रजी पत्रातही चुका आहेत.' ताईंनी मान्य केलं. त्यांना पाठीमागे उगीच नावं ठेवली मी, त्यांचं सगळं फुकट चालू असतं, दर रविवारी चाळीस पोरं सांभाळतात.

२ मार्च, रविवार

कार्यक्रम झाला. विजार दोन हँगरवर उभी, शेजारी उपडा खल, हातोडी आणि दहा रिबिट. गर्दी तक्त्यापुढे नव्हती, खलापुढे होती. ज्याला त्याला एक ठोकून बघायचा होता. डोंगरीची गोष्ट सांगितली तर एक काका म्हणाले, मी उमरखाडीचा. मग पंधरा मिनिटं गेली आमची, कोणत्या चाळीचे, कोणत्या शाळेचे.

नात बोलायला उभी राहिली आणि मधेच अडली. 'मृत्युपत्र' शब्द आठवेना. थोडं थांबून म्हणाली, "जाताना त्यांनी लिहून ठेवलं, कुणाला काय द्यायचं." मला हेच बरं वाटलं.

खिसा उलटा करून पाहणारे तिघे. त्यातली एक तिची ती मैत्रीण. तिने वाचलं, मराठी हळू वाचते ती, मग खिसा आत ढकलून नीट केला आणि रिबिटवर अंगठा फिरवत उभी राहिली.

५ मार्च, बुधवार

मशीन पुसून, तेल घालून परत केलं. उरलेलं कापड पाऊण वार, त्याची भाजीची पिशवी. उरलेले सहा रिबिट माझ्या बॅगेत, ठाण्याला घेऊन जाणार.

अश्दोदला फोटो पाठवले. तिचा उलट निरोप : विजार ठीक, पण शिंप्याचा खडा अजून खिशात कसा?

२० तारखेचं विमान आहे. त्याआधी कोल्माला एक फेरी, कार्यालय उघडं असेल अशा वारी. शनिवार सोडून.